मिसेस ॲपलबींचा मुक्काम

मुल्लाबारा,
५ मे १९७६

प्रिय उना,

तुझं पत्र पोचलं, लोकरीचे गुंडेही पोचले. उत्तराला महिना लागला म्हणून रागावू नकोस. बसून लिहायचं म्हटलं तर बसण्याचीच पंचाईत आहे. हे पत्र मी ओट्याशी उभी राहून लिहितेय.

उभं राहून फार आढेवेढे घेता येत नाहीत, तेव्हा सांगूनच टाकते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मध्येच घाम फुटणं, विनाकारण कुत्र्यावर खेकसणं, हे सगळं होऊन गेलं. म्हटलं, सुटले. तर आता खाली कोरड पडलीय. नुसती कोरड असती तरी चाललं असतं. या मुलखात काय कोरडं नाही? पण आग होते, खाज येते, लघवीला गेलं की चुरचुरतं, घोड्यावर बसले की डोळ्यांत पाणी येतं. आणि रात्री अंथरुणात लेसजवळ गेलं तर विचारूच नकोस. ख्रिसमसनंतर तीनदा दात आवळून पडून राहिले. चौथ्यांदा उठून बसले, म्हणाले, "तू फार घोरतोस," आणि गादी उचलून व्हरांड्यात आले.

लेस घोरत नाही. घोरतो तो आमचा कुत्रा.

पण लेसने ते खरं मानलं. उताणं झोपलं की माणूस घोरतो असं त्याला कोणी तरी सांगितलं, तर त्याने झोपायच्या सदऱ्याला पाठीकडून दोऱ्याचं लाकडी रीळ शिवून घेतलं, म्हणजे उताणा झाला की टोचून जाग येईल. स्वतः शिवलं. महिनाभर रोज सकाळी विचारायचा, "काल घोरलो का?" मी म्हणायची, "हो." आता विचारत नाही. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "मर्ल, तुला इथला वीट आला असेल तर सांग. उनाकडे जाऊन राहायचं असेल तर तसं सांग. मी गुरं विकायचं बघतो." एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस एका दमात एवढी वाक्यं कधी बोलला नव्हता. मला इथून कुठेही जायचं नाही गं. पण मी म्हणाले, "बटाटे घे."

औषध करून पाहिलं. गाईच्या सडांना चिरा पडल्या की लावतो ते मलम आठवडाभर लावलं. गाईंना गुण येतो. माझी आग दुप्पट झाली आणि अंगाला निलगिरीचा वास लागला.

डॉक्टर आहे, पण तो शेकडो मैलांवर, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर. रोज सकाळी आठ वाजता ज्याने त्याने आपलं दुखणं सांगायचं आणि चाळीस घरांनी नाश्ता करत ऐकायचं. शेजारच्या डल्सीच्या मूळव्याधीचा कालपर्यंतचा वृत्तांत मला पाठ आहे. तिथे मी हे बोलू? तू औषधाच्या दुकानात आहेस, काही तरी सुचव. आणि हे पत्र जाळून टाक.

तुझी,
मर्ल

---

पोर्ट पिरी,
१६ मे

प्रिय मर्ल,

पत्र जाळलं नाही, कारण दुकानात गल्ल्यामागे वाचत होते आणि मालक समोर होता.

एकोणीस वर्षं या गल्ल्यामागे उभी आहे. तुझ्यासारख्या बायका रोज येतात. आधी खोकल्याच्या गोळ्या घेतात. मग दाराशी जाऊन परत येतात, टूथपेस्ट घेतात. तिसऱ्या फेरीला दुकान रिकामं झालं की कानाशी येऊन म्हणतात, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय हं." या गावातल्या मैत्रिणींना इतकी दुखणी आहेत आणि मैत्रिणी असलेल्या बायका मात्र ठणठणीत.

तुला काही भयंकर झालेलं नाही. पाळी गेली की अंगातलं एक रसायन आटतं, मग तिथली कातडी पातळ होते, ओल धरत नाही, जरा घासलं की दुखते. निम्म्या बायकांना होतं आणि सगळ्या गप्प बसतात. ते गाईचं मलम आधी गाईला परत कर. तिथे साबण लावायचा नाही, पावडर नाही, आणि आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतायची आईची सवय तुला असेल तर तीही बंद. नुसतं कोमट पाणी. सुती कपडा. नवऱ्याजवळ जाताना लावायची एक पाण्यात धुऊन जाणारी जेली येते, तिच्या दोन नळ्या पाठवतेय. पोस्टातल्या बाईच्या भुवया वर जायला नकोत म्हणून केकच्या डब्यात, केकच्या खाली ठेवल्यात. पण जेलीने मूळ दुखणं हटत नाही. त्यावर क्रीम येतं, ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी देऊ शकत नाही. तेव्हा रेडिओवर बोलावंच लागेल. डॉक्टरला सगळं स्पष्ट सांग. लाजेपायी आग सोसण्यात काय शहाणपण?

लेसला काय सांगायचं ते मला विचारू नकोस. मी विधवा बाई, मला त्यातलं काय कळतं.

उना

---

मुल्लाबारा,
३१ मे

प्रिय उना,

केकच्या डब्याचं आधी सांगते. तू शहरात राहून इथली रीत विसरलीस. टपालाच्या ट्रकमध्ये केकचा डबा असला की तो पहिल्याच मुक्कामी चहाबरोबर उघडतात आणि उरेल तो पुढे जातो. आमच्यापर्यंत रिकामा डबा आला. नळ्या ड्रायव्हर स्टॅनने घेतल्या. त्याला वाटलं ट्रकसाठीच पाठवल्यात. म्हणाला, "दाराच्या रबराला लावली. सहा वर्षं करकरत होतं, आता बघा. तुमच्या बहिणीला विचारा, मोठा डबा मिळतो का."

म्हणजे रेडिओच उरला. तीन दिवस धीर गोळा केला. चौथ्या दिवशी लेस उत्तरेच्या विहिरीवर पंप बघायला गेला तशी मी माईक उचलला. "डॉक्टर, मुल्लाबारा बोलतेय. बाईमाणसाची तक्रार आहे. ओव्हर."

नवा डॉक्टर आहे, ट्रेलोर नावाचा. जेमतेम तिशीचा, उच्चार अगदी स्वच्छ. त्याने विचारलं, "कोणाची तक्रार? ओव्हर."

उना, त्या क्षणी मला चाळीस घरांतले चमचे थांबलेले ऐकू आले. आणि तुझ्या त्या मैत्रिणीवाल्या बायका आठवल्या. मी म्हणाले, "आमच्याकडे पाहुणी आलीय, तिची. ओव्हर."

"पाहुणीचं नाव? ओव्हर."

समोर फळीवर सफरचंदाचा डबा होता. मी म्हणाले, "मिसेस ॲपलबी. ओव्हर."

मग त्याने विचारलं आणि मी सांगितलं. वय त्रेपन्न. मुलगे दोन, दोघेही पर्थला. पाळी जाऊन तीन वर्षं. आग, खाज, चुरचूर, घोडा, सगळं. नवऱ्याचंही सांगितलं. रक्त जातं का विचारलं, नाही म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं, पण कधी डाग जरी दिसला तरी लगेच कळवायचं. दुसऱ्याचं म्हणून सांगताना जीभ कशी सैल सुटते बघ. आणि तो आपल्या स्वच्छ आवाजात म्हणाला, "मिसेस ॲपलबींना सांगा, हा योनीचा कोरडेपणा आहे. वयानुसार होतो, औषध आहे, लाजण्याचं काही कारण नाही. क्रीम तुमच्या घरच्या औषधपेटीत नसतं, मी येताना आणीन. चौदा जुलैला मी विमानाने येतो ती तपासणी तुमच्याच घरी आहे ना? तेव्हा त्यांना बघतो. ओव्हर."

तो शब्द उत्तरेला ऐंशी मैल आणि दक्षिणेला दोनशे मैल गेला. पावसाचा अंदाज कधी इतका स्पष्ट येत नाही.

डॉक्टरची वेळ संपली की आम्हा बायकांची कलकल सुरू होते, रोजचंच आहे. त्या दिवशी अर्धा मिनिट नुसती खरखर आली. मग कोरल, पश्चिमेकडची आमची शेजारीण, साठ मैलांवरची, हळूच म्हणाली, "मर्ल, तुझ्या पाहुणीला विचार, तिला जीपमध्ये बसल्यावरही होतं का? ओव्हर." मग डल्सी. मग ती टेकडीपलीकडची, जी कधीच बोलत नाही. सगळ्यांना मिसेस ॲपलबींची फार काळजी.

आणि हे ऐक. लेसच्या जीपमध्ये रेडिओ आहे हे मी विसरले होते. संध्याकाळी आला, हातपाय धुतले, म्हणाला, "पाहुणी आलीय म्हणे."

मी म्हणाले, "हो."

"झोपते कुठे?"

"व्हरांड्यात."

"तिथे तू झोपतेस."

"आम्ही दोघी झोपतो."

त्याने मान हलवली. मग कपाटातून तिसरं ताट काढलं आणि टेबलावर मांडलं. शेजारी काटा-चमचा. रोज मांडतो, उना. परवा म्हणाला, "पाहुणी मटण खात नाही वाटतं." चेहरा असा की हसतोय की रडतोय कळू नये. माझी टिंगल चाललीय की त्याचं डोकं फिरलंय, तू सांग.

मर्ल

---

पोर्ट पिरी,
९ जून

प्रिय मर्ल,

दुकानात मी हे पत्र वाचून इतकी हसले की मालकाने मला पाणी आणून दिलं. तुला डॉक्टरला सांग म्हटलं होतं, दवंडी पिटायला नव्हतं सांगितलं.

आता हे वाढवू नकोस. पाहुणीला रवाना कर. सांग की घरी काम निघालं, टपालाच्या ट्रकने गेली. नाही तर चौदा जुलैला डॉक्टर विमानातून उतरून तिला शोधत फिरेल. तो आला की कोपऱ्यात गाठून खरं काय ते सांग आणि क्रीम घे. बाकी कोणाला सांगायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेसचं म्हणशील तर तो तुझी टर उडवतोय. पुरुष बोलायला लाजले की थट्टा करतात. दुर्लक्ष कर. दोन दिवस मांडेल ताट, तिसऱ्या दिवशी विसरेल.

दोन नळ्या पुन्हा पाठवतेय. या वेळी मेंढ्यांच्या जंताच्या औषधाच्या खोक्यात. ते कोणी चहाबरोबर उघडणार नाही.

उना

---

मुल्लाबारा,
२६ जून

प्रिय उना,

नळ्या मिळाल्या. जेली चांगली आहे. निदान बसून लिहितेय. साबण बंद केला त्याचाही फरक पडला. बाकी सगळा सत्यानाश आहे.

मी रेडिओवर सांगितलं की मिसेस ॲपलबी गुरुवारच्या ट्रकने जाताहेत. गुरुवारी स्टॅन फाटकाशी चाळीस मिनिटं थांबला. पुढची सीट पुसून ठेवली होती, उशी ठेवली होती. उशी कोरलने मुद्दाम शिवून पाठवलेली, मध्ये भोक असलेली. मी धावत गेले आणि सांगितलं, पाहुणीला बरं वाटत नाही, बेत रहित. स्टॅन म्हणाला, "बरंच झालं. तपासणी झाल्याशिवाय त्यांना सोडू नका असं वाटेत सगळ्या बायकांनी बजावलंय." आणि त्याने टपालाची पिशवी दिली. तिच्यात मला डिझेलचं एक बिल आणि मिसेस ॲपलबींना अकरा पत्रं.

अकरा, उना. एकीने लिहिलंय, "बाईसाहेब, तुमच्या धैर्याला सलाम, मी नऊ वर्षं सोसतेय, मला वाटलं मला काही वाईट रोग आहे." एकीने लिहिलंय, "नवरा म्हणतो मी थंड झाले. तुमचे यजमान काय म्हणतात?" डल्सीने चार पानं लिहून शेवटी लिहिलंय, हे सगळं तिच्या नणंदेचं आहे. नणंद बिचारी चोवीस वर्षांची.

उत्तरं न देऊन कसं चालेल? मी रोज दुपारी बसून मिसेस ॲपलबींच्या नावाने लिहिते. अक्षर डावीकडे झुकवते. तू सांगितलेलं सगळं सांगते: साबण नको, पावडर नको, कोमट पाणी, जेली, आणि डॉक्टरला भेटा. मिसेस ॲपलबी माझ्यापेक्षा फार धीट बाई आहेत. त्यांना कशाची लाज म्हणून नाही. कधी कधी वाटतं, त्यांनी खरंच राहावं.

लेस मात्र ताट मांडायचं विसरला नाही. उलट आता तिच्याशी बोलतो. म्हणजे रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलतो आणि उत्तर मी द्यायचं. तुझं ऐकून मी दुर्लक्ष करत होते. परवा त्याने ताटातलं सगळं संपवलं, सुरी-काटा नीट ठेवला आणि खुर्चीला विचारलं, "मिसेस ॲपलबी, मिस्टर ॲपलबी कुठे असतात?"

मी गांगरले. आता हा नवराही उभा करावा लागणार, त्याचं नाव, गाव, धंदा. मी म्हणाले, "वारले."

"कधी?"

"झाली चार-सहा वर्षं. तिला आता त्याचं काही वाटत नाही." पत्रांतही तसंच लिहून टाकलं होतं, म्हणजे यजमान काय म्हणतात ही कटकट नको.

लेस उठला. मग तिसरं ताट उचललं, स्वतः धुतलं, कपाटात ठेवलं आणि बाहेर गेला. त्यानंतर ताट मांडत नाही. काल गुरांच्या दलालाला पत्र लिहिलं. माझ्यासमोर पाकीट चिकटवलं. सगळा कळप विकायचा, जुलैअखेर. मी म्हणाले, "का?" तर म्हणे, "एकट्याला झेपणार नाही."

कधी जगात नव्हता त्या माणसाच्या मरणाचं याला एवढं काय लागलं? मला खरंच कळत नाही. मला भीती वाटतेय, उना.

मर्ल

---

पोर्ट पिरी,
३ जुलै

मर्ल,

अगं मूर्ख बाई. आणि मी तुझ्याहून मूर्ख, कारण मी तुला दुर्लक्ष कर म्हणून सांगितलं.

तो टर उडवत नव्हता. त्याने जीपमध्ये तुझा आवाज ऐकला. एकतीस वर्षांचा नवरा बायकोचा आवाज ओळखणार नाही? त्रेपन्न वर्षं, दोन मुलगे पर्थला, आणखी काय पाहिजे त्याला? पण तुला त्याच्याशी बोलता येत नाही आणि पाहुणीच्या नावाने बोलता येतं, एवढं त्याने पाहिलं, आणि पाहुणीसाठी ताट मांडलं. महिनाभर रोज मांडलं. शेवटी धीर करून विचारलं की माझं काय. आणि तू त्याला त्याच्याच टेबलावर मारून टाकलंस. वर म्हणालीस, तिला त्याचं काही वाटत नाही.

आता मी तुला जे सांगणार आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही. क्लेम गेला त्याआधी चार वर्षं मी मागच्या खोलीत झोपत होते. मलाही हेच झालं होतं, मर्ल. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा माझंच अक्षर वाचतेय असं वाटलं होतं, पण मी लिहिलं काय, तर विधवेला काय कळतं. क्लेमला मी पाठदुखी सांगितली होती. त्याने गादीखाली घालायला एक फळी आणली, छान रंधा मारून, कडा गोल करून. रोज सकाळी विचारायचा, पाठ कशी आहे. वर्षभराने विचारायचा थांबला. दुकानात मी हजार बायकांना समजावून सांगितलं असेल. औषध माझ्या हाताच्या अंतरावर फळीवर होतं. आणि घरी येऊन मी पाठ धरून बसायची. तो गेला तो हेच समजून की मला तो नकोसा झालाय. तो मला नकोसा नव्हता. मला तो फार हवा होता. हे आता मी कोणाला सांगू?

तुझा नवरा अजून जिवंत आहे. दलाल येण्याआधी त्याला तसं सांग. मिस्टर ॲपलबींना ताबडतोब जिवंत कर.

उना

---

मुल्लाबारा,
१७ जुलै

प्रिय उना,

तुझं पत्र आठ तारखेला आलं. मी ते घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले आणि तुझ्यासाठी आणि क्लेमसाठी पोटभर रडले. क्लेम फळीला रंधा मारताना मला दिसत होता. तू त्या वेळी मला का नाही लिहिलंस? मी काही करू शकले नसते, पण निदान माझं गाईचं मलम तरी चुकलं असतं. आता जे झालं ते सगळं सांगते.

त्याच दिवशी लेसला सांगायचं ठरवलं होतं. सहा दिवस रोज ठरवलं. तोंडापर्यंत यायचं आणि मी म्हणायची, "बटाटे घे."

चौदाला तपासणी. विमान दहाला उतरलं. एरवी आमच्याकडे तपासणीला चार-पाच जण येतात, लस टोचायला किंवा दात दाखवायला. त्या दिवशी अंगणात नऊ जीपा. कोरल पहाटेपासून निघालेली. सगळ्या जणी केक घेऊन आलेल्या, आणि सगळ्या मिसेस ॲपलबींबद्दल विचारत होत्या, पण त्यांना भेटायचं आहे असं एकीनेही म्हटलं नाही. मी म्हणाले, त्या आत पडून आहेत. डल्सी म्हणाली, "पडू दे बिचारीला. त्यांच्या वतीने मीच बोलते डॉक्टरशी." आणि डॉक्टर बसला होता त्या स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं. वीस मिनिटांनी हातात पिशवी घेऊन बाहेर आली. मग कोरल म्हणाली, मलाही त्यांच्या वतीने थोडं विचारायचंय. मग तिसरी. टेकडीपलीकडची ती कधी न बोलणारी तब्बल पाऊण तास आत होती.

शेवटी मी गेले. डॉक्टर ट्रेलोर डोकं धरून बसला होता. म्हणाला, "मिसेस हॅडो, आज मी मिसेस ॲपलबींच्या वतीने नऊ जणींशी बोललो. त्यांचं वय चव्वेचाळीस ते अडुसष्ट आहे. त्यांना एकूण एकतीस मुलं झालीत. नऊपैकी एका खेपेला त्यांना आठवड्यापूर्वी डागही दिसलाय, त्यांना मी उद्याच्या उद्या शहरात तपासणीला पाठवतोय. माझ्याकडे क्रीमच्या दोनच नळ्या उरल्यात. तुम्हीही त्यांच्याच वतीने?"

मी म्हणाले, "नाही. मी माझ्या वतीने."

उना, हे चार शब्द मला सहा महिने येत नव्हते. त्याने मला तपासलं, क्रीम दिलं, कसं लावायचं ते दाखवलं. म्हणाला, गुण यायला दीड-दोन महिने लागतील, धीर सोडायचा नाही.

संध्याकाळी सगळ्या गेल्या. लेस दिवसभर विमानाला धावपट्टीवर कांगारू आडवे येऊ नयेत म्हणून तिकडेच होता. जेवायला बसलो. मी उठले आणि तिसरं ताट काढून मांडलं. लेसने ताटाकडे बघितलं. मी म्हणाले, "मिस्टर ॲपलबी वारलेले नाहीत."

"असं?"

"मी खोटं सांगितलं. मला सुचलं नाही म्हणून."

तो बटाटा कापत राहिला. मग मला वाटलं, हे आडून बोलणं पुरे झालं. मी म्हणाले, "लेस, ती मी आहे. मला तिथे कोरड पडलीय, फार दुखतं, तुझ्याजवळ आले की चाकूसारखं दुखतं. तू घोरत नाहीस. कधीच घोरला नाहीस. मला इथून कुठे जायचं नाही आणि तुझ्यावाचून तर मुळीच जायचं नाही. मला तू हवा आहेस." मी भोकाड पसरून रडले. त्याने सुरी-काटा खाली ठेवला. उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला, आणि बाहेर जाऊन अंधारात जनित्राशी खुडबूड करत बसला. मी वाट बघून झोपून गेले, व्हरांड्यातच. मला वाटलं, उशीर झाला. दलालाचं पत्र गेलेलं होतं.

सकाळी आठला मी रेडिओ लावला, सवयीने. लेस आत आला. तुला माहीतच आहे, हा माणूस रेडिओवर गुरांचा भाव आणि पाऊस याखेरीज एकतीस वर्षांत एक शब्द बोललेला नाही. त्याने टोपी काढली, केस नीट केले, आणि माझ्या हातातून माईक घेतला.

"मुल्लाबारा बोलतोय. डॉक्टर, मी मिस्टर ॲपलबींच्या वतीने बोलतोय. ओव्हर."

डॉक्टर म्हणाला, "मिस्टर ॲपलबी वारले असं माझ्या कानावर होतं. ओव्हर."

"नाही वारले. तशी बातमी चुकून पसरली. ते इथेच आहेत." लेसचे कान लाल झाले होते, पण आवाज गुरांच्या बाजारात लावतो तसाच खणखणीत. "त्यांना काल सगळं कळलं. त्यांना आधी वाटत होतं की बाईंना ते नकोसे झालेत. तसं नाही असं बाईंनी सांगितलं. आता त्यांना विचारायचंय की त्यांनी काय करायचं. नवऱ्याने, म्हणजे. त्यांना कोणी कधी सांगितलेलं नाही. ओव्हर."

चाळीस घरांत पुन्हा चमचे थांबले. डॉक्टर ट्रेलोर म्हणाला, "मिस्टर ॲपलबींना सांगा, घाई करायची नाही. क्रीमला दोन महिने लागतात, तोवर जवळ झोपायला हरकत नसते, नुसतं झोपायला. बाईंना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. जेली वापरायची आणि काटकसर करायची नाही. दुखलं तर तिथे थांबायचं. आणि थांबावं लागलं म्हणून तोंड पाडून बसायचं नाही, कारण बाई मग पुढच्या वेळी दुखलेलं सांगत नाहीत. ओव्हर."

लेस म्हणाला, "समजलं. मिस्टर ॲपलबी आभारी आहेत. दलालाला लिहिलेलं पत्र ते आज मागे घेताहेत. ओव्हर."

त्याने माईक ठेवला. मी त्याचा हात धरला, आणि आम्ही दोघं त्या खोक्यासमोर उभे होतो. मग खरखर झाली आणि एक पुरुषी आवाज आला, घोगरा, बहुतेक कोरलचा नवरा. "डॉक्टर, ते मधलं जरा परत सांगता का? ओव्हर." लगेच दुसरा, दूर उत्तरेकडचा. "आणि जरा सावकाश. पेन्सिल सापडत नाहीये. ओव्हर."

डॉक्टरने परत सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश.

तुझी,
मर्ल